आपल्याच घराचं चित्र काढताना

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



संयोजकांनी मला ‘युद्ध आणि साहित्य’ असा विषय दिला. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याचा अभ्यासक नाही. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. म्हणून मी एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे. ते पुस्तक म्हणजे एक कॉमिक आहे. मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेचं ‘पर्सेपोलिस’.

कॉमिक म्हटलं की आपल्याला चाचा चौधरी आठवतात, फार तर अमर चित्रकथा. मुलांनी सुट्टीत वाचायची गोष्ट. पण गेल्या पन्नासेक वर्षांत जगातल्या काही अत्यंत भीषण घटनांच्या आठवणी याच प्रकारात लिहिल्या गेल्या. १९७२ मध्ये जपानच्या केजी नाकाझावा यांनी हिरोशिमाबद्दलच्या स्वतःच्या आठवणी चित्रांतून मांडल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘बेअरफूट गेन’ ही मोठी मालिका सुरू केली. अमेरिकेत आर्ट स्पीगलमन यांनी ऑशविट्झमधून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी ‘माऊस’मध्ये सांगितली. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. १९९२ मध्ये त्या पुस्तकाला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपल्या काश्मीरच्या मलिक सज्जाद यांचं ‘मुन्नू’ २०१५ मध्ये आलं. त्यात काश्मिरी माणसं हंगुल हरणाच्या रूपात दिसतात.

सत्रापीचं पुस्तक फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत निघालं. तिचा जन्म १९६९ चा, वाढली तेहरानमध्ये. म्हणजे १९७९ ची क्रांती झाली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती, आणि सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या सैन्याने इराणवर हल्ला केला तेव्हा अकराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. ते युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चाललं. दोन्ही देशांचे मिळून लाखो लोक गेले. दोन्ही बाजूंनी मरणारे बहुतांश मुसलमानच होते, हे आपण जरा लक्षात ठेवूया.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या देशावर किंवा समाजावर संकट आलं, शत्रू दाराशी उभा राहिला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आत्ता घरातलं काढू नका.’ शत्रूने केलेला अन्याय सांगा, आपल्यातला सांगू नका, कारण त्याचा फायदा समोरच्याला होतो. आपण मुसलमान म्हणून हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही असतं. म्हणून ते झटकून टाकता येत नाही. ‘पर्सेपोलिस’ मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. बाहेरून बॉम्ब पडत असताना घरातला अन्याय कसा सांगायचा, हे त्या पुस्तकाने करून दाखवलं. आणि माझं म्हणणं असं, की हे कॉमिकमध्ये जितकं नीट जमलं तितकं दुसऱ्या कुठल्या प्रकारात जमणं अवघड होतं.

पुस्तकाची सुरुवात १९८० पासून होते. दहा वर्षांच्या मुलींना शाळेत अचानक डोकं झाकायला सांगितलं आहे. मैदानात मुली त्या ओढण्यांशी खेळताहेत. कोणी दोरीच्या उड्या मारायला वापरतंय, कोणी एकमेकींना घाबरवायला. सत्रापी इथे भाषण करत नाही. ज्या गोष्टीवर मोठ्यांनी रक्त सांडलं, ती मुलांच्या हातात गेल्यावर काय झालं, एवढंच दाखवते.

चित्रं काळी-पांढरी आहेत. करडी छटासुद्धा नाही. चेहरे दोन-चार रेषांचे. आमच्या कामात स्क्रीनवरचं छोटं चिन्ह बनवताना एक अनुभव नेहमी येतो. जितकं कमी काढाल तितक्या जास्त लोकांना ते कळतं. खूप बारकावे भरले की ते कुणा एकाच माणसाचं चित्र होतं. थोड्या रेषांत ठेवलं की बघणारा त्यात स्वतःला ठेवू शकतो. मार्जी तेहरानची, उच्च मध्यमवर्गीय, डाव्या विचारांच्या घरातली मुलगी आहे. तिच्या घरात कॅडिलॅक गाडी आहे. तरी पुण्यात बसून वाचताना ती मला परकी वाटत नाही, याचं बरंचसं श्रेय त्या रेषांना आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी. एका चौकटीत माणूस जिवंत आहे, पुढच्या चौकटीत नाही. मधे काय झालं ते वाचणाऱ्याला स्वतःच्या मनात घडवावं लागतं. सिनेमात ते दिग्दर्शक दाखवतो. इथे ते काम आपल्याला करावं लागतं, आणि म्हणून त्यातून सुटका नसते.

याचं उदाहरण म्हणजे शेजारच्या घराचा प्रसंग. सत्रापी कुटुंबाच्या शेजारी एक ज्यू कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी नेदा मार्जीच्याच वयाची. एक दिवस मार्जी जीन्स घ्यायला बाजारात गेलेली असताना त्यांच्या भागात क्षेपणास्त्र पडतं. ती धावत घरी येते. तिचं घर शाबूत, आई समोर. पण शेजारचं घर जमीनदोस्त झालं आहे. आई तिला हात धरून तिथून पुढे नेते, आणि जाता जाता मार्जीला ढिगाऱ्यात नेदाचं ब्रेसलेट दिसतं. वाढदिवसाला मिळालेलं. ब्रेसलेट कशात अडकलं आहे, ते चित्रात दिसत नाही. पुढच्या चौकटीत मार्जीने हातांनी चेहरा झाकला आहे. आणि त्यानंतरची चौकट पूर्ण काळी. त्यात काहीच नाही.

गाझातले व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिले आहेत. पांढऱ्या कफनात गुंडाळलेली मुलं. पहिल्या आठवड्यात रडू येतं. तिसऱ्या महिन्यात बोट आपोआप वर सरकतं. यात आपण दगड झालो असं मी म्हणत नाही. माणसाचं मन एवढं सोसू शकत नाही, आणि फोन आपल्याला थांबूही देत नाही. शिवाय त्या व्हिडिओतलं मूल आपल्याला मेल्यावरच भेटतं. नेदा आपल्याला आधी भेटलेली असते. तिच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक असतो. त्या काळ्या चौकटीवर वाचणारा किती वेळ थांबतो हे त्याच्या हातात असतं, आणि माझा अनुभव असा, की पान लवकर उलटत नाही.

तर हा झाला बाहेरून आलेला मृत्यू. सद्दामचा. त्याबद्दल पुस्तकात कुठेही सवलत नाही. रासायनिक शस्त्रांनी भाजलेले सैनिकही त्यात आहेत. पण याच पुस्तकात आतून आलेला मृत्यूही आहे. मार्जीचे लाडके काका अनूश. शहाच्या काळात नऊ वर्षं तुरुंगात राहिलेले. क्रांतीने त्यांना सोडलं, आणि त्याच क्रांतीने त्यांना रशियाचा हेर ठरवून ठार केलं. शेवटच्या भेटीसाठी त्यांनी दहा वर्षांच्या पुतणीला बोलावलं. तुरुंगात पावापासून बनवलेला हंस तिला दिला. त्या रात्री मार्जी, जी रोज अल्लाहशी बोलायची, मोठेपणी पैगंबर व्हायचं म्हणायची, ती त्याला निघून जायला सांगते. त्यानंतर ती अंतराळात एकटी तरंगताना दिसते. आणि त्याच पानावर हाक येते: तळघरात पळ, बॉम्ब पडताहेत.

एका पानावर दोन्ही. आतला घाव आणि बाहेरचा घाव. मला वाटतं, या पुस्तकाचं सगळं बळ त्या पानात आहे. पहिला घाव दुसऱ्याचं समर्थन होत नाही आणि दुसरा घाव पहिल्याला माफ करत नाही.

ती आणखी एक पाऊल पुढे जाते. राजवटीवर बोट ठेवणं त्यामानाने सोपं आहे. सत्रापी स्वतःच्या घराकडेही बघते. त्यांच्या घरी मेहरी नावाची कामवाली मुलगी होती. आठव्या वर्षी आणलेली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या मुलाला तिची पत्रं मार्जीने लिहिली. मेहरीने त्या मुलाला आपण याच घरची मुलगी आहोत असं सांगितलं होतं. घरात रात्रंदिवस समतेच्या गप्पा. पण हे कळल्यावर मार्जीचे वडील शेजारी जाऊन सांगतात, ती आमची कामवाली आहे. तिथेच ते प्रेम संपतं.

आणि मग ‘किल्ली’चं प्रकरण. युद्ध सुरू आहे. सत्रापींकडे काम करणाऱ्या बाईंच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली दिली आहे. सांगितलं आहे, शहीद झालास तर हीच जन्नतची किल्ली. गरीब वस्त्यांतल्या मुलांना असं तयार करून आघाडीवर नेत. त्या प्रकरणाचं शेवटचं पान असं आहे: वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंगांवर उडालेली मुलं, काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली एका छोट्या चौकटीत मार्जी पहिल्यांदाच एका पार्टीला गेली आहे, तिथे नाचते आहे. आईने तिच्यासाठी भोकाभोकांचा स्वेटर विणला आहे, कारण पंक फॅशनमध्ये होतं. वर शरीरांना भोकं, खाली स्वेटरला. दोन्ही चित्रांत हातपाय सारखेच फेकलेले.

शब्दांत हे लिहायचं तर लेखिकेला कुठेतरी म्हणावं लागलं असतं की मला लाज वाटते, किंवा समाजात विषमता आहे. चित्रात तिला काहीच म्हणावं लागत नाही. ती दोन चौकटी वर-खाली ठेवते. धर्माचं नाव घेऊन कोणाची मुलं मरायला पाठवली गेली आणि कोणाची घरी राहिली, हे त्या एका पानात कळतं. जन्नत, शहादत हे शब्द आपल्याला प्रिय आहेत. ते कोण कोणाला विकतंय हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

आता दोन आक्षेप. ते रास्त आहेत म्हणून बोलतो.

पहिला, आठवण म्हणजे इतिहास नव्हे. ऑगस्ट १९७८ मध्ये अबादान शहरातलं रेक्स सिनेमागृह जाळलं गेलं. शेकडो प्रेक्षक आत जळून मेले. पुस्तकात मार्जीचे आईवडील हे शहाचं काम आहे असं मानतात. त्या वेळी इराणमध्ये असंख्य लोक तसंच मानत होते, आणि क्रांतीला त्याने जोर आला. पुढे क्रांतीनंतर १९८० मध्ये खटला चालला, आणि आग लावणारा म्हणून जो दोषी ठरला तो शहाविरोधी धार्मिक गटांशी जोडलेला माणूस निघाला. म्हणजे घटनेची चौकशी करायला हे पुस्तक अपुरं आहे. पण त्या दिवशी एका घरात लोक काय मानत होते, कशाला घाबरत होते, हे कुठल्या निकालपत्रात सापडणार? दोन्ही वाचावं. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नये.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. पुस्तक फ्रान्समध्ये, फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं. इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आलं, म्हणजे अमेरिका इराकमध्ये घुसली त्याच वर्षी. इराणला ‘दुष्टांच्या आघाडी’त आधीच टाकलेलं. अशा वेळी इराणी मुसलमानांच्या क्रौर्याचं पुस्तक कोणाच्या कामी येईल? सत्रापीला याची जाणीव होती. प्रस्तावनेत तिने म्हटलं आहे की मूठभर अतिरेक्यांच्या कृत्यांवरून साऱ्या देशाला जोखू नये, आणि हे पुस्तक त्यासाठीच लिहिलं. पण प्रस्तावनेपेक्षा मला पुस्तकच मोठं उत्तर वाटतं. ते वाचल्यावर इराणवर बॉम्ब टाकावेत असं वाटणं कठीण आहे, कारण ते बॉम्ब कोणाच्या घरावर पडतात ते आपण पाहिलेलं असतं. जून २०२५ मध्ये इस्रायलने हल्ले केले आणि तेहरानवर पुन्हा बॉम्ब पडले. तिथल्या ज्या स्त्रिया २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यांच्याच शहरावर पडले. राजवटीच्या विरोधात असणं आणि बॉम्बच्या विरोधात असणं, यांतलं एक निवडा असं त्यांना कोणी सांगू नये. सत्रापीने तरी ते कधी मान्य केलं नाही. २०२३ मध्ये तिने अनेक चित्रकारांना आणि अभ्यासकांना घेऊन त्या आंदोलनावर पुस्तक केलं.

आणि घाबरणारे फक्त आपल्याकडेच असतात असंही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ट्युनिशियात एका टीव्ही वाहिनीने ‘पर्सेपोलिस’वरचा चित्रपट दाखवला. त्यात अल्लाहचं मानवी रूप दिसतं म्हणून निदर्शनं झाली, वाहिनीच्या मालकाच्या घरावर हल्ला झाला, आणि पुढच्या वर्षी कोर्टाने त्यालाच दंड केला. त्या चित्रणाने एखाद्याचं मन दुखावू शकतं हे मला समजतं. न बघण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. घरावर हल्ला करण्याचं नाही. पण मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या सरकारी शाळांतही सातवीच्या वर्गांतून हेच पुस्तक काढलं गेलं, छळाचं एक चित्र मुलांसाठी योग्य नाही म्हणून. २०१२ च्या अखेरीस जपानमध्ये मात्सुए शहरात शाळांच्या वाचनालयांना ‘बेअरफूट गेन’ मुलांच्या हाती थेट देऊ नका असं सांगितलं गेलं. टीकेनंतर ते मागे घेतलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळाने ‘माऊस’ अभ्यासक्रमातून वगळलं.

या तीन पुस्तकांत एक धागा समान आहे. ‘गेन’ केवळ अमेरिकेच्या अणुबॉम्बबद्दल नाही. गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून शेजारी त्यांना देशद्रोही म्हणतात, आणि या कुटुंबाला हात देणारा शेजारी कोरियन असतो, ज्याला जपानी लोक तुच्छ लेखतात. ‘माऊस’मध्ये ऑशविट्झमधून वाचलेला बाप अमेरिकेत एका कृष्णवर्णीय माणसाला गाडीत घेतलं म्हणून सुनेवर चिडतो. सून त्याला विचारते की तुम्हीसुद्धा असं बोलता? मुलाने बापाचं हे वागणं झाकलं नाही. पीडित असल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे सांगायची हिंमत या पुस्तकांनी केली. मला वाटतं, म्हणूनच त्यांच्यातल्या पीडेवर आपला पूर्ण विश्वास बसतो.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण. ते युद्धाचं नाही, पण प्रश्न तोच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९३४ चा एक प्रसंग लिहिला आहे. ते आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाची धूळ होती म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी विचारलं, हेच तुमचा धर्म शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तरी त्याला अडवाल का? गर्दीकडे उत्तर नव्हतं. शेवटी किल्ला बघू दिला, तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत एक सशस्त्र शिपाई देऊन.

बाबासाहेबांच्या आयुष्यावर दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं ‘भीमायन’ २०११ मध्ये आलं, ते जरूर बघा. पण मी आज एक साधा प्रश्न ठेवतो. दौलताबादच्या हौदावरचा तो प्रसंग उद्या आपल्यातल्याच एखाद्या मुलीने चित्रांत काढून आणला, तर आपल्या मदरशाच्या, शाळेच्या, मोहल्ला वाचनालयाच्या कपाटात आपण तो ठेवू का? की म्हणू, बेटा, सध्या दिवस वाईट आहेत, आत्ता नको?

दिवस वाईट आहेत हे मीही मान्य करतो. ते चांगले कधी होते, हे मात्र मला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या घरांत दंगली पाहिलेली, फाळणीने तुटलेली, गाव सोडून आलेली वडीलधारी माणसं आहेत. त्यांच्याकडे बसा. फोनवर रेकॉर्ड करा. ज्यांना चित्र येतं त्यांनी काढा, येत नसेल तरी काढा, सत्रापीच्या रेषा काही फार अवघड नाहीत. फक्त दोन प्रश्न प्रत्येकाला विचारा. तुमच्यावर काय गुजरलं? आणि त्या दिवसांत आपल्या माणसांनी दुसऱ्यावर काय केलं, किंवा काय होऊ दिलं? दुसऱ्या प्रश्नाला शांतता मिळाली तर तीही लिहून ठेवा. त्यासाठी एक काळी चौकट पुरते.

पुस्तकाची एक प्रत मी सोबत आणली आहे. ती इथेच ठेवून जातो, पाळीपाळीने वाचा.  आता प्रश्न विचारा.